आईसाठी जागा बघायला गेलो तेव्हा

आमच्या सोसायटीत कुणाच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की माझ्या दाराची बेल वाजते. चहा होतो, पाणी येतं की नाही यावर बोलणं होतं, आणि मग कप खाली ठेवता ठेवता विचारलं जातं, "ते लोणावळ्याकडचं कसं आहे हो? तुमच्या आई होत्या ना तिथे?" मी म्हणते, जागा छान आहे. चादरी रोज बदलतात, जेवण गरम असतं, मुली गोड बोलतात. हे सगळं खरं आहे. समोरच्याचा चेहरा जरा सैल होतो. मग मी म्हणते, पण तिथे तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर चुकूनही पाठवू नका. त्यावर लोक माझ्याकडे बघतच राहतात, कारण आपल्याकडे ओळख नसेल तर गॅसचा सिलिंडरसुद्धा वेळेवर येत नाही.

माझी आई टाकव्याची. वडील मी कॉलेजात असतानाच गेले, मी एकुलती एक, लग्न होऊन तळेगावात आले आणि शाळेत गणित शिकवायला लागले. आई मात्र गाव सोडायला तयार नव्हती. छातीचा कॅन्सर झाला तेव्हा ऑपरेशनपुरती माझ्याकडे राहिली आणि टाके वाळायच्या आत परत गेली. पुढे तो हाडांत उतरला. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला आत बोलावून सांगितलं की आता औषधं आजारासाठी नाहीत, दुखण्यासाठी. अशा माणसांना शेवटचे दिवस त्रास होऊ नये म्हणून ठेवून घेणाऱ्या जागा असतात, तशी एखादी बघा. आणि जाल तिथे एकच विचारा: दुखायला लागलं की औषध किती वेळात मिळतं, आणि ते द्यायचं कोण ठरवतं? बाकी बाग बघू नका, असंही म्हणाल्या.

मी मामाला सांगितलं. न सांगून चाललं नसतं. वडील गेल्यापासून आईच्या घरातला प्रत्येक निर्णय मामाच्या ओसरीवरून जायचा, माझं लग्नसुद्धा तिथूनच ठरलं. मामा म्हणाला, "अक्काला आसं कुटंबी टाकायचं न्हाई. आमी घर बघून येऊ."

घर बघून येऊ! शब्द त्याचाच आहे. आणि खरोखर आम्ही गेलो ते मुलगी द्यायचं घर बघायला जातात तसे. बोलेरो भरली. मामा, मामी, भावकीतली दोन-तीन माणसं, सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे, मामीच्या अंगावर लग्नाकार्यातली साडी. एरवी भुशी धरणावर जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेत अडकलो असतो, पण आठवड्यातला मधला वार होता. जागा म्हणजे पूर्वीचं रिसॉर्ट. पोहण्याच्या तलावात आता कमळं लावली होती. प्रत्येक पंख्यावर आणि बाकावर कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ म्हणून नाव. खोलीची खिडकी दरीकडे.

आमच्या लोकांनी काय काय बघितलं ते सांगते. नळ सोडून पाण्याची धार बघितली. संडासात डोकावून आले. देव कुठे आहे ते बघितलं, त्याला हार ताजा आहे का तेही. मामीने स्वैपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, "करणारी बाई कुटली?" हा प्रश्न गावाचा नसतो हे तिलाही ठाऊक आणि मलाही. उत्तर मनासारखं मिळालं असावं, कारण तिने पुढे काही विचारलं नाही. मग व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या गेल्या, पोहे आले, चहा आला, आणि मॅनेजर येऊन समोर बसले. पन्नाशीचा माणूस, शर्ट पांढरा, बोलणं मवाळ.

मामाने मिशीला लागलेलं पोह्याचं खोबरं पुसलं आणि विचारलं, "पाव्हणं, तुमी कुटलं म्हणायचं?"

"पवन मावळातले आम्ही."

बस, आता कुणाला काही थांबवता येणार नव्हतं. कुठलं गाव, कुणाची वाडी, अमक्याचे तुम्ही कोण, तमकी कुणाच्या घरात दिली. मी मध्ये एकदा घसा खाकरला. तिकडे मामीने अचानक मांडीवर थाप मारली. मॅनेजर तिच्या चुलत भावाचे मेहुणे निघाले! सगळी मंडळी अशी हसली की जणू आईला कॅन्सरच नव्हता. मॅनेजरांनी उठून मामाच्या पाया पडण्याचा आविर्भाव केला, मामाने त्यांना उठवून मिठी मारली, आणि आतून चहाची दुसरी फेरी आली.

तेवढ्यात मी विचारलं. दुखायला लागलं की औषध किती वेळात देता, आणि कोण ठरवतं?

मॅनेजर म्हणाले, "ताई, त्याची तुम्ही काळजीच करू नका."

"काळजीचं नाही, मला वेळ सांगा."

मामा माझ्याकडे वळला. "आगं, आता आपल्याच घरात हाय ती. आसं काय इचारती? शोभतं का?"

आणि मॅनेजरांनी हसून मला चिक्कीचा डबा दिला.

आई तिथे गेली ती पावसाळा सरता सरता. पहिल्या सकाळी मॅनेजर तिला मावशी म्हणत होते, जेवणवेळेपर्यंत ती अक्का झाली. तिची खोली बदलून दरीकडची दिली. "झाडं काय बघायची," आई मला हळूच म्हणाली, "जलमभर तीच बघितली." पण तोंडावर त्यांना म्हणाली, लय ग्वाड जागा दिली, पाव्हणं. मॅनेजर खोलीत आले की पडल्या पडल्या तिचा हात डोक्यावरच्या पदराकडे जायचा. हात वर न्यायचा म्हणजे खांद्याच्या हाडातून कळ जायची. ती कळ जाताना मला दिसायची. ओठ आत घ्यायची आणि पदर ओढायची.

"कसं वाटतंय, अक्का?"

"बरं हाय, पाव्हणं. तुमी च्या घेतला का?"

मरणाच्या दारात टेकलेली बाई सोयऱ्याला चहा विचारत होती. आणि तिथल्या सिस्टर शेजारी उभं राहून तिचं 'बरं हाय' ऐकत होत्या आणि तेच खरं धरत होत्या. डॉक्टरांनी कडक गोळी लिहून ठेवली होती, पण ती मागितली तरच द्यायची. उशाशी बेल होती, ती आईने एकदाही दाबली नाही. मी शाळा सुटली की रोज जायची. लोकलने लोणावळ्याला उतरून रिक्षा, की थेट तिच्या खोलीत. एकदा तिचं लुगडं धुवायला टाकावं म्हणून उचललं, तर पदराचं टोक चावून चावून पार चिंध्या झालेलं. मी विचारलं, हे काय? आई म्हणाली, "उंदरांनी खाल्लं आसंल."

त्या चकाचक जागेत उंदीर! मी रागाने लुगडं तसंच हातात गुंडाळलं. मग सिस्टरकडे गेले. ती बिचारी नवीन मुलगी. "ताई, आम्ही दर पाळीला विचारतो. आजी काहीच म्हणत नाहीत." मी म्हटलं, चेहरा बघता की नाही? ती म्हणाली, "आजी तर हसतात."

डॉक्टर पुण्याहून मंगळवार-शुक्रवारी यायचे. एका शुक्रवारी मी रजा टाकून गेले, त्यांना दारातच गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग ते आत गेले, मागोमाग मॅनेजर गेले, आणि पायथ्याशी हात बांधून उभे राहिले. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, दुखतं का कुठे?"

आईने एकदा मॅनेजरांकडे बघितलं. "न्हाई बाबा. बरं हाय माजं."

डॉक्टरांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मीच तिथली रोगी. बाहेर आल्यावर फार समजुतीने म्हणाले की जवळच्या माणसांना हे स्वीकारणं जड जातं, नातेवाइकांसाठी समुपदेशनाची सोय आहे, तुम्ही जरूर बसा. मी म्हटलं, समुपदेशन राहू द्या, तिला गोळी द्या. ते म्हणाले, पेशंट नाही म्हणत असेल तर कशी देऊ? आणि आईला एकटीला विचारा, पाव्हण्यांना बाहेर काढून विचारा, असं मी म्हणेपर्यंत ते पुढच्या खोलीत शिरले होते.

मॅनेजरांना मी ऑफिसात जाऊन सुनावलं. त्यांना वाईट वाटलं, खरोखर वाटलं, ते मी नाकारत नाही. माणूस वाईट नव्हता, तिथेच सगळी अडचण होती. म्हणाले, "ताई, अक्का लय सोशिक. मी इथं बाकीच्यांना सांगतो, बघा, अक्कांसारखं असावं. आणि ती गोळी म्हणजे गुंगी येणार. आता पाव्हणेरावळे येतात, त्या दोन शब्द बोलतात, ते बंद होईल. तुमचे मामा काय म्हणतील?"

सोशिक! हा शब्द ऐकला की आजही माझं डोकं फिरतं. आपल्याकडे बाईचं कौतुक करायला एवढाच एक शब्द शिल्लक आहे. जी ओरडत नाही ती सोशिक, आणि जी सोशिक तिला औषध कशाला? मामाला फोन केला तर तो म्हणाला, "आफूच ती शेवटी. अक्काला काय नशेत घालवायची हाय का?" हा माणूस स्वतः दाढदुखीत दोन दिवस गाव डोक्यावर घेतो.

पण खरं कारण मला एका दुपारी आईनेच सांगितलं. कुणी नव्हतं खोलीत. मी म्हटलं, तू खोटं का बोलतेस? मी तुला इथून घेऊन जाते. तिने माझं मनगट धरलं, त्या हातात जोर कुठून आला कोण जाणे.

"गप ऱ्हा. पोरीचं जमतंय."

पोरीचं म्हणजे मामाच्या मुलीचं. आईला भेटायला येता-जाता मामीने मॅनेजरांच्या थोरल्या भावाचा मुलगा हेरला होता. चाकणला कंपनीत, घरची शेती, स्वभाव गरीब. बोलणी सुरू होती, आईच्या खाटेशेजारीच चालायची. मामी बिस्किटं काढायची, मॅनेजर खुर्ची ओढून बसायचे, आणि मुलीचं शिक्षण, मुलाचा पगार, घरातल्या चालीरीती असं सगळं आईच्या अंगावरून इकडून तिकडे जायचं. आई मधूनच पोरीची तारीफ करायची. मुलीच्या आत्याच्या तोंडचं बोलणं म्हणून त्याला वजन होतं.

"आपुन पोरीकडचं," आई म्हणाली. "हितं कुरकूर केली तर त्यांना वाटंल, घरच कुरकुऱ्यांचं हाय. एकदा सुपारी फुटू दे."

"आणि तोपर्यंत?"

"तवर काय. सोसायचं."

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. शेजारच्या बंगल्यात पर्यटकांची पार्टी लागली होती, गाण्याच्या ठोक्याने काच थरथरत होती. मला सगळ्यांचा राग आला. मामाचा, मामीचा, त्या मवाळ माणसाचा, खाली नाचणाऱ्या अनोळखी पोरांचा, आणि सगळ्यात जास्त आईचा. आयुष्यभर ती दुसऱ्यांच्या कार्यात ताटं वाढत राहिली, आणि आता स्वतःची हाडंही तिने वाढायला काढली होती.

सुपारी तिथेच फुटली. आत्याच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून मॅनेजरांनी हौसेने कमळांच्या तलावाशेजारी सतरंज्या अंथरल्या. आईला नवं हिरवं लुगडं नेसवलं. ते नेसवताना तिला या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं तेव्हा मी तिच्या तोंडापुढे माझा हात धरला, आणि तिने तो चावला. मग तिला चाकांच्या खुर्चीत बसवून बाहेर आणलं. टाळ्या झाल्या. मुलीने वाकून नमस्कार केला. आई हसली. फोटोत ती इतकी छान हसलीय की तो फोटो त्या संस्थेच्या इंटरनेटवरच्या पानावर झळकला, खाली लिहिलं होतं, इथे शेवटही आनंदाचा असतो. अजून असेल तिथे, मी पुन्हा बघितलेला नाही.

दुसऱ्या सकाळी मी पोचले तर आई माझी वाटच बघत होती. हिरवं लुगडं अजून अंगावर, कारण तिने कुणाला हात लावू दिला नव्हता. म्हणाली, "झालं त्यांचं. आता ने, कुटं न्यायची तिकडं."

मी तळेगावातून अॅम्ब्युलन्स मागवली. मॅनेजर धावत आले. "ताई, मामांना विचारलंत का?" मी म्हटलं, आई माझी आहे. त्यांनी मामाला फोन लावून मला दिला, मामा फोनवरून ओरडत राहिला, पाव्हण्यांपुढं माझी मान खाली घातलीस, कालच कार्य झालं आणि आज तू हे दिवे लावलेस. मी फोन कापला. गाडी खंडाळ्याच्या बाजूने आलेल्या सुट्टीच्या गर्दीत अडकली तेव्हा आई आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर मोठ्याने ओरडली. बाहेर गाड्यांच्या काचांतून लोक बघत होते, मक्याची कणसं खात.

पुढचं आधी सांगून टाकते. मामा माझ्याशी बोलायचा थांबला. आईच्या दहाव्याला घाटावर माइकवरून त्याने मॅनेजरांचे आभार मानले, त्यांना टॉवेल-टोपी दिली, आणि बहीण शेवटी परक्यांत गेली असं म्हणून डोळे पुसले. मी पुढच्याच रांगेत बसले होते. लग्न ठरल्या वेळी झालं. त्याला कशाची काही बाधा आली नाही. मुलाकडच्या एकाही माणसाने कधी विचारलं नाही की तुमची आत्या तिथून का हलवली. मी हे आवर्जून काढून घेतलं. मुलीच्या सासूला तर आत्या तिथे किती दिवस होती हेसुद्धा नीट आठवत नव्हतं.

तळेगावातल्या त्या दुसऱ्या जागेबद्दल सांगण्यासारखं फार नाही. धर्मादाय इस्पितळाचा मागचा वॉर्ड, रंगाचे पोपडे निघालेले, खिडकीतून गॅरेजची मागची भिंत दिसते, दोरीवर चादरी वाळत घातलेल्या. डॉक्टरीण केरळची, मराठी मोडकीतोडकी. तिने आईकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा. सगळे बाहेर." मी म्हटलं, तिला हिंदी येत नाही. "चालेल," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मी बाकावर बसले. आतून आधी काहीच ऐकू येईना. मग आईचा आवाज यायला लागला. ती सांगत होती. जिचं नाव, गाव, कूळ काही ठाऊक नाही अशा बाईला ती आपल्या मावळी बोलीत सांगत होती, की कंबरेत कसं कुणीतरी पहार घालून हलवतंय, की सकाळी अंग पुसायला आल्या की जीव जायचा, की पाव्हणं येणार म्हटलं की आधी पदर चावून घ्यायचा, मग इतका येळ हसायचं. डॉक्टरिणीला त्यातलं अर्धं कळलं असेल. मधेच तिचा आवाज यायचा, "हां माँ, हां." आई बोलत राहिली. मला तिने इतकं कधीच सांगितलं नव्हतं.

मग औषध दिलं. मला आत घेतलं तेव्हा आई झोपली होती, तोंड उघडं टाकून, हात दोन्हीकडे सैल. कितीतरी आठवड्यांत मी तिची मूठ उघडी बघितली नव्हती. गुंगीबिंगी काही नव्हती, साधी झोप होती. दुपार कलल्यावर ती जागी झाली आणि चहा मागितला. मी बशीत ओतून दिला. तिने उशीवरून मान उचलून तो स्वतः प्यायला, बशी परत दिली, हात हळूहळू वर नेला आणि कपाळावरचे केस मागे सारले. मग पुन्हा एकदा, मुद्दाम, हात वर नेऊन बघितला.

"एवढं सोपं व्हतं व्हय गं?" तिने विचारलं.

मी हातातली बशी खाली ठेवली. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि ती रडायला लागली, बराच वेळ रडत राहिली. त्या वेळी तिला कुठेही दुखत नव्हतं.